पाठिंबा दिला, पण विचारलं कुणाला?

2025 च्या अखेरीस महापालिकेची निवडणूक केव्हाही जाहीर होईल अशी स्थिती होती. मार्च 2022 पासून सोलापूर महापालिकेवर प्रशासक होता, त्यामुळे 102 जागांसाठी इच्छुकांची रांग लांबलचक होती. या रांगेबरोबरच दुसरी एक लगबग सुरू झाली होती, पाठिंब्याची. अमुक संघटनेचा पाठिंबा, तमुक जमातीचा पाठिंबा, हार घातलेले फोटो, व्हॉट्सॲपवर फिरणारी पत्रं. त्यात कामगार संघटनाही आल्या. सोलापुरात कामगार संघटनेचा पाठिंबा ही लहानसहान गोष्ट नाही. विडी, यंत्रमाग, बांधकाम, रिक्षा, घरकाम मिळून या शहराचा निम्मा संसार हातावर चालतो.

आम्ही ज्या शाळेत शिकवतो तिथल्या मुलांच्या आया बहुतेक विड्या वळणाऱ्या. पालकसभेला येतात तेव्हाही सुपातलं काम घरी अर्धवट टाकून आलेल्या असतात. विधानसभेच्या निकालानंतरच्या एका सभेत, सभा संपल्यावर दारात उभ्या राहून अशाच एका आईने आम्हाला विचारलं होतं, "सर, घर तो युनियनने दिलाया, मगर मत कोनको देना, ये हमारेकू कोन पूछ्या?" ती रागावलेली नव्हती, सहज बोलून गेली. पण वर्ष उलटलं तरी तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. आज तोच वाचकांपुढे ठेवतो आहोत.

आधी 2024 मध्ये काय घडलं ते आठवू. 7 मे रोजी सोलापूर लोकसभेचं मतदान झालं. काँग्रेसच्या प्रणिती शिंदे विरुद्ध भाजपचे राम सातपुते अशी सरळ लढत होती. 2019 ला वंचित बहुजन आघाडीकडून प्रकाश आंबेडकर स्वतः उभे होते आणि त्यांनी 1 लाख 70 हजारांच्या आसपास मतं घेतली होती. या वेळी वंचितच्या उमेदवाराने माघार घेतली. माकपचे आणि सिटूचे नेते नरसय्या आडम मास्तर यांनी प्रणितीताईंना पाठिंबा दिला. लाल बावट्याचे कार्यकर्ते काँग्रेससाठी फिरले. प्रणिती शिंदे 74 हजारांहून जास्त मतांनी निवडून आल्या. समाजानेही एकदिलाने मतदान केलं, हे सगळ्यांनी पाहिलं.

सहा महिन्यांनी विधानसभा आली. शहर मध्य ही प्रणितीताईंनी 2009 पासून तीनदा जिंकलेली जागा मोकळी झाली होती. माकपला ती आघाडीत आपल्याला सुटेल अशी अपेक्षा होती आणि ती त्यांनी उघडपणे मांडली होती. लोकसभेला दिलेला पाठिंबा हाच त्यामागचा आधार होता. काँग्रेसने चेतन नरोटे यांना उमेदवारी दिली. आडम मास्तर माकपकडून उभे राहिले. एमआयएमकडून फारूक शाब्दी. भाजपकडून देवेंद्र कोठे. निकाल आपल्याला माहीत आहे. कोठे सुमारे 48 हजारांनी जिंकले, शाब्दी दुसरे आले, काँग्रेस आणि माकप खूप मागे राहिले.

तेव्हापासून आपल्या चौकाचौकांत एकच वाक्य ऐकू येतं, मतं फुटली. विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत कुठेही चहाला थांबा, हेच ऐकाल. हा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहावा असं आम्हाला वाटतं. एमआयएम, काँग्रेस आणि माकप, तिघांची मतं एकत्र केली तरी भाजपच्या मतांपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे तिघे एक झाले असते तर जिंकलोच असतो, हे म्हणणं आकड्यांवर टिकत नाही. दुखणं आणखी खोल आहे. मे महिन्यात जी मतं एका बाजूला गेली त्यातली बरीच नोव्हेंबरमध्ये तिथे राहिलीच नाहीत. नेत्यांनी दिलेला पाठिंबा नेत्यांपाशीच राहिला आणि मतदार आपल्या वाटेने गेला.

हे समजून घ्यायचं तर घरांची गोष्ट सांगावी लागते, कारण सोलापुरात कामगार संघटनेची ताकद भाषणांतून आलेली नाही, घरांतून आली आहे.

कुंभारीला आधी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची 10 हजार घरं उभी राहिली. 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ती सुपूर्द केली. नंतर मीनाक्षीताई साने यांच्या नावाची वसाहत झाली. त्यानंतर रे नगर, असंघटित कामगारांची 30 हजार घरं. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे, बांधकाम मजूर, अशा सगळ्यांची. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या 15 हजार घरांच्या चाव्या त्यांच्याच हस्ते दिल्या गेल्या. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना पंतप्रधानांचा गळा भरून आला होता, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

या वसाहतींत आपल्या समाजाच्या आणि पद्मशाली समाजाच्या बायका भिंतीला भिंत लावून राहतात. एकीच्या घरात तेलुगू, दुसरीच्या घरात दखनी, आणि ओट्यावर दोघी मराठीत भांडतात. हे दृश्य घडवणं दुसऱ्या कुणाला जमलं नाही. त्याचं श्रेय आडम मास्तरांना आणि त्यांच्या संघटनेला द्यायलाच हवं, राजकारण पटो न पटो.

पण याच घरांनी संघटनेला पेचातही टाकलं. 2019 च्या भूमिपूजनाच्या वेळी मास्तरांनी मोदींचं आणि फडणवीसांचं कौतुक केलं. त्यांच्या पक्षाने त्याबद्दल त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. विचार करा. हजारो बायकांसाठी घर मंजूर करून आणणारा माणूस मंचावर चार चांगले शब्द बोलतो आणि दिल्लीत त्याची चौकशी होते. पक्षाची बाजूही समजण्यासारखी आहे. निवडणूक तीन-चार महिन्यांवर असताना ज्याच्याशी लढायचं त्याची तारीफ कशी चालेल? पण या दोन्ही बाजूंच्या मध्ये जी बाई घराची चावी घेऊन उभी होती, तिला काय कळलं असेल? जानेवारीत मंचावर आभार, मे महिन्यात त्यांच्याविरुद्ध मत. आणि का, हे तिला घराघरात बसून कुणी समजावून सांगितलं असेल, तर आमच्या कानावर ते आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, शहर मध्य मतदारसंघाच्याही बाहेर. ज्या बायकांनी तिकडे राहायला जाऊन मतदार यादीतलं नावही तिकडे नेलं, त्यांचं मत शहर मध्यमधून गेलं. संघटनेने आपल्या लोकांना घर दिलं आणि आपल्याच मतदारसंघाबाहेर पोचवलं! 2009 ला या जागेवर आडम मास्तर दुसऱ्या क्रमांकावर होते. 2014 आणि 2019 ला ती जागा एमआयएमने घेतली. मास्तरांची मतं दर निवडणुकीत घटत गेली. याचं सगळं कारण कुंभारी नाही, पण कुंभारी त्यात आहे. मतांचा हिशेब बाजूला ठेवून घरं बांधली, हा खरं तर संघटनेचा मोठेपणाच म्हटला पाहिजे.

दुसरीकडे सरकारनेही संघटनेला वळसा घालायला सुरुवात केली. 2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये थेट खात्यावर येऊ लागले. त्यासाठी मोर्चा नको, कार्यालयात खेटे नकोत, कुणाच्या सहीचं पत्र नको. विडी कामगारांचा कल्याण निधी ज्या उपकरावर चालायचा तो उपकर 2017 मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. पेन्शनचा किमान आकडा 2014 पासून 1000 रुपयांवरच आहे. म्हणजे संघटनेने लढून मिळवलेल्या गोष्टी आटत गेल्या आणि न लढता मिळणारे पैसे वाढले. अशा वेळी "आमचा पाठिंबा अमक्याला" असं पत्रक काढल्याने किती मतं हलणार?

हा प्रश्न एकट्या सोलापूरचा नाही. अमेरिकेतही कामगार संघटना याच कात्रीत सापडल्या आहेत. तिथे एक फरक आहे. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे ठरवायला पक्षाचे मतदार आधी राज्याराज्यात मतदान करतात, त्याला प्रायमरी म्हणतात. त्यामुळे उमेदवारी ठरण्याच्या आधीच संघटनांना ठरवावं लागतं की कुणाच्या मागे उभं राहायचं, की गप्प राहायचं.

2020 मध्ये लास वेगासच्या हॉटेल कामगारांच्या युनियनपुढे हा प्रश्न आला. सुमारे 60 हजार सदस्य, खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बायका-पुरुष, त्यातले पुष्कळसे बाहेरच्या देशांतून आलेले. या युनियनने वर्षानुवर्षं संप करून आपल्या सदस्यांसाठी चांगला आरोग्य विमा मिळवला होता, स्वतःचा दवाखाना उभारला होता. बर्नी सँडर्स म्हणत होते, सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा आणू. युनियनच्या नेत्यांना भीती वाटली की आपण कमावलेलं त्यात जाईल. त्यांनी सँडर्सच्या योजनेविरुद्ध पत्रकं वाटली, पण पाठिंबा कुणालाच जाहीर केला नाही. मतदानाच्या दिवशी कॅसिनोंच्या आवारातल्या बहुतेक केंद्रांवर सँडर्सच पुढे राहिले. कामगारांनी युनियन सोडली नाही, पण मत आपल्या मनाने दिलं. आपला विमा चांगला आहे, पण हॉटेलात काम न करणाऱ्या भावाचं, बहिणीचं काय, असाही विचार काहींनी केला. कुंभारीच्या ओट्यावर हाच विचार होत नसेल कशावरून?

दुसरं उदाहरण कडू आहे. ट्रक चालकांची टीमस्टर्स ही संघटना, 13 लाख सदस्य. 2024 मध्ये तिने सदस्यांना विचारलं. सप्टेंबरमध्ये जाहीर केलेल्या इलेक्ट्रॉनिक चाचणीत जवळजवळ 60 टक्के कौल ट्रम्प यांना होता. नेतृत्वाने कुणालाच पाठिंबा दिला नाही. 1996 नंतर असं पहिल्यांदा घडलं. त्यावर बरीच टीका झाली आणि त्यांच्याच अनेक स्थानिक शाखांनी कमला हॅरिस यांना परस्पर पाठिंबा जाहीर केला.

म्हणून आम्ही भाबडेपणाने म्हणत नाही की सदस्यांना विचारलं की सगळं चांगलंच होईल. विचारलं तर नावडतं उत्तरही येतं. सोलापुरात आज एखाद्या विडी युनियनने गुप्त मतदान घेतलं, तर भाजपकडे कौल जाणारच नाही असं छातीठोकपणे कोण सांगेल? आपल्यातलेच काही सुजाण लोक म्हणतात, म्हणूनच विचारू नये, नेत्यांनी ठरवावं, विचारधारा टिकवायची तर असंच करावं लागतं. त्यांची भीती खरी आहे. बहुसंख्याकांच्या कौलावर सगळं सोडलं तर अल्पसंख्य सदस्याचं काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण न विचारल्याने तो कौल बदलत नाही, फक्त निकालाच्या दिवसापर्यंत झाकलेला राहतो. आधी विचारलं तर निदान बोलायला वेळ मिळतो. मतदानाआधी महिनाभर जर कळलं की आपल्याच सदस्या दुसरीकडे चालल्यात, तर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. निकालानंतर नुसतं "मतं फुटली" म्हणता येतं.

कायद्याने या बाबतीत अर्धी वाट दाखवली होती. 1926 च्या कामगार संघटना कायद्याच्या कलम 16 नुसार युनियनला राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारता येतो, पण त्यात पैसे देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि न देणाऱ्याला युनियनच्या लाभांपासून दूर ठेवता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यात मिसळला. त्या संहितांवर वेगळं लिहावं लागेल. इथे मुद्दा एवढाच की शंभर वर्षांपूर्वीही कायदा करणाऱ्यांना कळत होतं, बाईचे दोन पैसे तिच्या मर्जीशिवाय राजकारणात वळवू नयेत. तिच्या नावाने दिलेल्या पाठिंब्याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. पाच रुपयांसाठी संमती हवी, मतासाठी नको!

आपल्याकडे प्रायमरी नाही. उमेदवार मुंबई-दिल्लीत ठरतो. त्यामुळे संघटनेचा सगळा जोर तिकीट वाटपाच्या बंद खोलीत खर्च होतो, आणि तिथे बोलणी होतात ती जागेची. आम्ही लोकसभेला तुम्हाला, तुम्ही विधानसभेला आम्हाला. या बोलण्यात हजार विड्यांची मजुरी कुठे असते? छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात, त्याचा उल्लेख कुठे असतो? 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, ते मोठं काम होतं. पण तिकिटाच्या वाटाघाटीत ती कामगार राहत नाही, नुसता आकडा होते. जागा मिळाली नाही की पाठिंबाही वाया, कारण बदल्यात दुसरं काही मागितलेलंच नसतं.

2024 ला तर कहरच झाला. 20 नोव्हेंबरला, ऐन मतदानाच्या दिवशी, सुशीलकुमार शिंदे आणि प्रणिती शिंदे यांनी सोलापूर दक्षिणमध्ये आघाडीचा, म्हणजे ठाकरे गटाचा, उमेदवार सोडून अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. सकाळी मतदान करून आलेल्या माणसाने काय करायचं? तिथेही भाजपच जिंकला.

आता आपल्या घरात पाहू. पालकसभेतली ती आई दोन संघटनांची सदस्य आहे. एक युनियन, दुसरी आपली जमात. निवडणूक आली की दोन्हीकडून तिला सांगितलं जातं, विचारलं कुठेच जात नाही. मतदानाच्या आधीच्या जुम्याला आवाहनं येतात, रात्री बैठका होतात, सकाळी फोनवर निरोप येतो, अमक्याला एकगठ्ठा. बैठकीत कोण होतं? वीस-पंचवीस पुरुष. त्यात विडी वळणारा एकही हात नव्हता. आमच्यासारखे शिक्षक असतात कधीकधी, मागच्या रांगेत, मान डोलवायला. आम्हीही डोलवली आहे, हे लपवत नाही.

आपल्या दीनमध्ये मशविऱ्याला केवढं स्थान आहे. कुरआनच्या एका सूरहचं नावच शूरा आहे. आपण लग्न ठरवताना मुलीची रजामंदी घेतल्याशिवाय निकाह पढवत नाही, मग तिच्या मताचा निकाल तिच्या पाठीमागे कसा लावतो?

या शहरात आपल्या माणसांनी कामगारांमध्ये राहून काम केल्याची परंपरा आहे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात जे चौघे फासावर गेले त्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते. 'गजनफर' हे वृत्तपत्र चालवणारा, गिरणी कामगारांमध्ये उठबस असलेला तरुण. चौघांचं नाव आपण दर जानेवारीत घेतो. हार घालायला सगळे पक्ष येतात. निवडणूक असली की जरा जास्तच येतात.

मग महापालिकेच्या निवडणुकीला काय करायचं? आमच्या मते पाठिंब्याचं पत्र कुणीही, युनियनने किंवा जमातीने, घाईने काढू नये. आधी प्रभागातल्या बायकांच्या चार-दोन बैठका घ्याव्यात. दुपारी तीन वाजता घ्याव्यात, रात्री दहाला नको, रात्री त्या येऊ शकत नाहीत. त्यांना आधी मागण्या विचाराव्यात, उमेदवार नंतर. त्या काय सांगतील याची थोडी कल्पना आम्हाला आहे, कारण दररोज त्यांच्या मुलांच्या वह्या तपासतो. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते मध्यरात्री येतं, आणि जी रात्री हंडे भरते तिच्या दुसऱ्या दिवशीच्या विड्या कमी होतात. म्हणजे पाण्याचा प्रश्न मजुरीचाच प्रश्न आहे. महापालिकेच्या उर्दू आणि तेलुगू शाळांत शिक्षकांच्या जागा भराव्यात. शहरातून कुंभारीला वेळेवर सिटी बस असावी. दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर असावा, तंबाखूच्या धुळीने खोकणाऱ्या बाईला सकाळी वेळ नसतो.

ही यादी घेऊन उमेदवारांना त्यांच्यासमोर बोलवावं. पक्ष कुठलाही असो, भाजपवालाही आला तर येऊ द्यावा. प्रत्येकाची सही घ्यावी, ती सही वसाहतीच्या फलकावर लावावी. मग चिठ्ठ्या टाकून सदस्यांचा कौल घ्यावा. कौल एकमुखी आला तर पाठिंबा जाहीर करावा. दुभंगलेला आला तर सरळ सांगावं की आमचे सदस्य एका मताचे नाहीत, आम्ही कुणालाच पाठिंबा देत नाही. त्यात नामुष्की नाही. लास वेगासवाले गप्प राहिले म्हणून त्यांची युनियन बुडाली नाही.

आमच्या शाळेची पुढची पालकसभा पंधरा दिवसांनी आहे. या वेळी ती दुपारी तीनला ठेवावी, असं आम्ही मुख्याध्यापकांना सुचवलं आहे.